राजाला तोंडावर 'नाही' म्हणणारा सरदार : जाँ द ज्वाँव्हिल

तळटीप :

गेल्या महिन्यात क्रुसेडच्या (जेरुसलेमसाठी ख्रिस्ती युरोपने केलेल्या धर्मयुद्धांच्या) धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, की हे युरोपातले सरदार म्हणजे देवाचं नाव घेऊन लुटीला निघालेली टोळी. तिथे मी ज्वाँव्हिलचं नाव घेतलं, "सवडीने लिहितो" म्हणालो आणि गायब झालो. दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून आठवण दिली, म्हणून हा धागा.

जाँ द ज्वाँव्हिल. जन्म १२२४ किंवा १२२५, मृत्यू २४ डिसेंबर १३१७. त्या काळात नव्वदी पार केलेला माणूस! फ्रान्सच्या पूर्वेला मार्न नदीकाठी ज्वाँव्हिल गाव, वर घराण्याचा किल्ला, आणि शाँपेनच्या काउंटकडे सेनेशलचं वंशपरंपरागत पद. सेनेशल म्हणजे धन्याच्या घराचा आणि दरबाराचा व्यवहार बघणारा. 'कारभारी' म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं, म्हणून सेनेशलच ठेवतो. वडील लहानपणीच गेले. १२४१ साली सोम्युरच्या शाही मेजवानीत हा पोरगा आपल्या धन्यापुढे मांस कापून वाढत होता. त्याच मेजवानीचा यजमान होता फ्रान्सचा राजा नववा लुई, म्हणजे पुढे संतपदाला पोचलेला सेंट लुई.

१२४८ साली लुई क्रुसेडला निघाला आणि ज्वाँव्हिलनेही क्रूस घेतला, म्हणजे क्रुसेडला जायचं व्रत घेतलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी त्याला मुलगा झाला. आठवडाभर मेजवान्या, नाचगाणी झाली. शुक्रवारी त्याने आपल्या सगळ्या माणसांना जमवलं आणि सांगितलं, मी समुद्रापार चाललोय, परत येईन की नाही ठाऊक नाही. माझ्याकडून कुणावर अन्याय झाला असेल तर पुढे या, मी भरपाई करतो. आणि स्वतः तिथून उठून गेला, कारण तो समोर बसलेला असताना कोण बोलणार? लोकांनी जे ठरवलं ते त्याने वाद न घालता दिलं. आई हयात असल्याने त्याच्या हातात वर्षाला हजार लिव्रचंही (लिव्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन) उत्पन्न नव्हतं. जमिनीचा बराचसा भाग गहाण टाकून त्याने नऊ सरदार सोबत घेतले.

मग अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर तो आसपासच्या तीर्थांना जाऊन आला. त्या वेळचं त्याचं एक वाक्य आहे : मागे वळून ज्वाँव्हिलकडे बघायला नको वाटलं, सुंदर किल्ला आणि दोन लेकरं मागे टाकून जाताना काळीज विरघळेल म्हणून.

त्याआधी पॅरिसमध्ये राजाने सरदारांना बोलावून, आपलं काही बरंवाईट झालं तर मुलांशी एकनिष्ठ राहू अशी शपथ घ्यायला सांगितली. चोवीस वर्षांच्या ज्वाँव्हिलने नकार दिला. मी तुमचा माणूस नाही, मी शाँपेनच्या काउंटचा. ही पहिली 'नाही'.

सायप्रसला पोचेतो जहाजाचं भाडं देऊन त्याच्याकडे फक्त २४० लिव्र उरले. सोबतचे सरदार सोडून जायच्या गोष्टी करू लागले. तेव्हा लुईने त्याला ८०० लिव्र देऊन पदरी घेतलं. तरी पुढे मिंधा होऊन वागला नाही गडी.

इजिप्तची मोहीम थोडक्यात. जून १२४९ मध्ये दमियेत्ता बंदर हाती आलं, तेही जवळजवळ न लढता. ८ फेब्रुवारी १२५० ला मन्सूराच्या लढाईत राजाचा भाऊ रोबेर अविचाराने गावात घुसला आणि मारला गेला. ज्वाँव्हिल एका छोट्या पुलावर सोआसाँच्या काउंटबरोबर उभा होता. त्याला पाच जागी बाण लागले, घोड्याला पंधरा जागी. दगडमातीचा मारा चालू असताना काउंट त्याला म्हणतो, सेनेशल, भुंकू देत या कुत्र्यांना, बायकांच्या दालनात बसून आपण या दिवसाच्या गप्पा मारणार आहोत. नंतर छावणीत रोग पसरला. हिरड्या सुजून मांस वाढायचं, न्हावी ते कापायचे आणि छावणीभर बाळंतिणींसारखं कण्हणं ऐकू यायचं. एप्रिलमध्ये माघार आणि राजासकट सगळे कैद. खंडणी चार लाख लिव्रची ठरली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

सुटका होऊन राजा अक्कोला आला, पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या क्रुसेडवाल्यांच्या शहरात. फ्रान्समधून आईची पत्रं, परत ये, इंग्लंडकडून धोका आहे. राजाने सरदारांना विचारलं, जाऊ की राहू? एकेक करून सगळे म्हणाले, जा. याफाच्या काउंटने अडखळत राहायला सांगितलं, पण त्याचा किल्लाच सीमेवर होता, त्यामुळे तो आपल्या फायद्याचं बोलतोय असं कुणीही म्हटलं असतं. चौदाव्याच्या आसपास ज्वाँव्हिलची पाळी आली. तो म्हणाला, राहा. पोपचा प्रतिनिधी चिडला, इतक्या थोड्या माणसांनिशी राजाने लढायचं कसं? ज्वाँव्हिलने उत्तर दिलं, की लोक म्हणतात राजाने अजून चर्चचाच पैसा खर्च केलाय, स्वतःचा नाही. आता स्वतःचा काढावा. पगार चांगला मिळतोय कळलं की सरदार येतील. आणि राजा गेला तर जे गरीब कैदी इजिप्तमध्ये पडलेत ते कधीच सुटणार नाहीत.

यावर कुणी काही बोललं नाही. तिथल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी तुरुंगात होतं. सगळे रडायला लागले.

मग जेवण. भाऊ नसले की राजा ज्वाँव्हिलला शेजारी बसवायचा. त्या दिवशीही बसवलं, पण जेवण संपेतो एक शब्द नाही. ज्वाँव्हिलला वाटलं, पैशाबद्दल बोललो ते लागलं. राजा प्रार्थनेला गेला तेव्हा हा पलंगाजवळच्या खिडकीपाशी गेला, गजांतून हात बाहेर काढले आणि उभा राहिला. मनात चाललंय, राजा गेला तर अँटिओकच्या नातेवाईक राजपुत्राकडे जाऊ. तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्यावर रेलून डोक्यावर दोन्ही हात ठेवले. सल्ल्यावरून दिवसभर डोकं खाणारा राजाचा सरदार फिलिप असेल असं वाटून हा म्हणाला, "फिलिपसाहेब, सोडा हो मला." मान वळवली तेव्हा हात चेहऱ्यावरून घसरला आणि बोटातला पाचू दिसला. राजा!

लुईने विचारलं, एवढे मोठे शहाणे लोक जा म्हणत असताना तू तरुण पोरगा राहा म्हणायला धजलास कसा? मग, मी गेलो तर वाईट केलं असं होईल का? "होय महाराज." मी राहिलो तर तू राहशील? जमलं तर राहीन, स्वतःच्या खर्चाने नाहीतर दुसऱ्याच्या. राजा म्हणाला, निश्चिंत राहा, तुझा सल्ला मला आवडला, पण आठवडाभर कुणाला सांगू नकोस.

राजा चार वर्षं राहिला.

आता १२६७. लुई पुन्हा क्रूस घेतोय, ज्वाँव्हिलला आग्रह होतोय. त्या वेळी हा साफ नाही म्हणाला. मागच्या वेळी मी समुद्रापार देवाची चाकरी करत असताना राजाच्या आणि काउंटच्या शिपायांनी माझी माणसं नागवली, दरिद्री केली. देवाला आवडेल ते करायचं असेल तर मी इथेच राहून माझ्या माणसांना सांभाळलं पाहिजे. राजा इतका अशक्त होता, की ज्वाँव्हिलने त्याला एका वाड्यापासून फ्रान्सिस्कन मठापर्यंत अक्षरशः हातांवर उचलून नेलं होतं. ज्यांनी त्याला ही मोहीम सुचवली त्यांनी महापाप केलं, असं त्याने लिहून ठेवलंय. २५ ऑगस्ट १२७० ला राजा ट्यूनिसजवळ वारला.

एकदा 'राहा' आणि एकदा 'जाऊ नका'. माझ्या मते हे दोन सल्ले एकच आहेत. क्रुसेडला निघताना नात्यातल्या एका भावाने ज्वाँव्हिलला बजावलं होतं, की ज्या बारक्या माणसांच्या सोबतीने आपण गेलो त्यांना शत्रूच्या हाती सोडून कुठलाही सरदार, गरीब असो वा श्रीमंत, अब्रूनिशी परत येऊ शकत नाही. ते वाक्य त्याने आयुष्यभर धरून ठेवलं. अक्कोत कैदी होते, ज्वाँव्हिलमध्ये कुळं होती.

मतं येऊ द्या.

रानभोपळा :

खिडकीचा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला. "फिलिपसाहेब, सोडा हो" 😄
पुढचा भाग आहे का? असल्यास पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

चष्मेबहाद्दर :

लेख उत्तम, पण तळटीपराव, तुम्ही फारच भाळलात त्याच्यावर. दोन आक्षेप.

एक, हे सगळं आपल्याला सांगतंय कोण? ज्वाँव्हिल स्वतः. राणीने, म्हणजे चौथ्या फिलिपची बायको झान हिने, त्याला पुस्तक लिहायला सांगितलं. ती १३०५ मध्ये वारली, पुस्तक तिच्या मुलाला अर्पण झालं १३०९ मध्ये. अक्कोच्या सभेला तोवर जवळपास साठ वर्षं झाली होती. ऐंशी ओलांडलेला म्हातारा सांगतो, सगळे एका बाजूला होते आणि मी एकटा खरं बोललो. आपल्या घरातला कुठला आजोबा असं सांगत नाही?

आणि याला विरोधी पुरावा आहे. ऑगस्ट १२५० मध्ये खुद्द लुईने फ्रान्समधल्या प्रजेला पत्र पाठवलं. त्यात तो म्हणतो, की सल्ला विचारला तेव्हा बहुतेकांनी मी इथेच राहावं असं सांगितलं. बहुतेकांनी! मग तुमची ती चौदा जणांची रांग गेली कुठे?

दोन, 'बारक्या माणसांचा कैवारी' वगैरे. राजाने एकदा विचारलं, पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) तू गरिबांचे पाय धुतोस का? यावर कैवारी म्हणाले, "शी! त्या गावंढळांचे पाय मी कधीच धुणार नाही." हेही त्यानेच लिहिलंय ना?

उंबरठा :

चष्मेबहाद्दर, +१.
शिवाय रोबेर द सोर्बाँचा किस्सा. पॅरिसमध्ये ज्याच्या नावाने सोर्बोन विद्यापीठ आहे तो. त्याने भर दरबारात ज्वाँव्हिलच्या झग्याला धरून टोमणा मारला, की राजापेक्षा तू भारी कपडे घालतोस. ज्वाँव्हिल उलटून म्हणाला, हे कपडे मला आईबापांनी दिलेत, तू मात्र कुळवाड्याचा पोर असून राजापेक्षा उंची कापड अंगावर घेतलंस. आणि सोर्बाँचं आणि राजाचं कापड शेजारी धरून दाखवलं. जात काढली सरळ.

तळटीप :

पहिला आक्षेप जबरदस्त आहे आणि ते पत्र मी मूळ लेखात घालायला हवं होतं. चूक मान्य.

पण पत्राकडेही जरा तिरक्या नजरेने बघा. ते कशासाठी लिहिलंय? राजा परत येत नाहीये, आई वाट बघतेय, लोक वैतागलेत आणि वर त्यांच्याकडून आणखी माणसं आणि मदत हवी आहे. अशा पत्रात "बहुतेकांनी मला परत जायला सांगितलं, मी ऐकलं नाही" असं कोण लिहील? शिवाय राजाने राहायचं ठरवल्यावर मतं फिरलेली असणारच. आधीच्या सभेत जा म्हणणारे नंतर "आम्ही तेच म्हणत होतो" म्हणायला किती वेळ लागतो? दोघांनीही आपापल्या सोयीचं लिहिलंय असं मला वाटतं. चौदाच्या चौदा जण विरोधात नसतीलही. खुद्द ज्वाँव्हिलच सांगतो, की गियोम द बोमाँ त्याच्या बाजूने बोलायला लागला तेव्हा त्याचा काका जाँ भर सभेत त्याच्यावर शिव्या देत ओरडला, मला फ्रान्सला जायचंय, गप्प बस. म्हणजे आतून दोन मतं होतीच.

आणि एक तपशील मला खोटा वाटत नाही. सभेनंतर लोक ज्वाँव्हिलला 'पूलँ' म्हणून चिडवायचे. पूलँ म्हणजे शिंगरू. तिकडे सीरियात जन्मलेल्या फ्रेंच वंशाच्या लोकांनाही तेच हिणवून म्हणत. त्यावर त्याला कुणीतरी उत्तर शिकवलं, की तुमच्यासारखं दमून बसलेलं भारवाही तट्टू होण्यापेक्षा शिंगरू बरं. म्हाताऱ्याने स्वतःची प्रौढी मिरवायला असली शिवी कशाला शोधून काढली असती?

पाय धुण्याबद्दल : अगदी. तो सरंजामदार होता, समतावादी नव्हे. माझं म्हणणं इतकंच आहे, की धनी म्हणून आपल्या माणसांचं देणं लागतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाय धुणार नाही पण वाऱ्यावर सोडणार नाही, असा मामला. इजिप्तमधून कैदी सुटून आले तेव्हा शाँपेनच्या चाळीस सरदारांना नवे कपडे चढवून हाच त्यांना राजापुढे घेऊन गेला, यांना पदरी घ्या म्हणून. पैसे कुठून आणायचे असं एक सल्लागार कुरकुरला, त्याच्याशी भांडला. राजाने घेतले.

सोर्बाँच्या किस्स्याचं शेपूट मात्र उंबरठा यांनी सांगितलं नाही. राजाने तिथे सोर्बाँची बाजू घेतली आणि नंतर ज्वाँव्हिलला जवळ बसवून कबूल केलं, की माझं चुकलं, तो इतका गोंधळला होता की मला त्याला सावरावं लागलं. मग म्हणाला, कपडे नीटच घालावेत, बायको जास्त प्रेम करते आणि माणसं जास्त मान देतात.

खडूफळा :

मी इतिहास शिकवतो, पण नववीच्या पुस्तकात क्रुसेडला जेमतेम दोन ओळी असत, तिथे ज्वाँव्हिल कुठून येणार. धन्यवाद.

राजाच्या सल्लागाराचं काम म्हणाल तर मला क्लुनी या फ्रान्समधल्या बड्या मठाच्या मठाधिपतीचा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. १२५४ मध्ये परतताना राजा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ईएरला उतरला. मठाधिपतीने राजा-राणीसाठी दोन उत्तम घोडे भेट दिले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आपलं काम घेऊन आला आणि राजाने फार वेळ, फार मन लावून ऐकलं. तो गेल्यावर ज्वाँव्हिलने विचारलं, काल घोडे मिळाले म्हणून आज जास्त आपुलकीने ऐकलंत का? राजा विचारात पडला आणि म्हणाला, खरंच, होय. मग ज्वाँव्हिल म्हणाला, तर तुमच्या शपथबद्ध न्यायसल्लागारांना ताकीद द्या, ज्यांचं काम तुमच्यापुढे आहे त्यांच्याकडून काही घेऊ नका म्हणून. तेही तुमच्यासारखेच जास्त आपुलकीने ऐकतील.

राजाने हे सगळ्यांना बोलावून सांगितलं. त्याच वर्षाअखेर लुईने अधिकाऱ्यांसाठी मोठा हुकूमनामा काढला, त्यात भेटी घेण्यावर बंदी होती. त्या हुकमामागे फक्त हे दोन घोडे होते असं मी म्हणणार नाही, पण वेळ जुळते खरी.

अर्धापाव :

मी चार वर्षं नान्सीत होतो, ज्वाँव्हिल गाडीने तासा-दीडतासावर. ज्याच्याकडे त्याला वळून बघवेना तो डोंगरावरचा किल्ला आता नाही, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पाडला. कबरही त्याच धामधुमीत गेली. खाली जो सुंदर वाडा दिसतो तो नंतरचा, सोळाव्या शतकात गीझच्या सरदारांनी बांधलेला. पर्यटक त्यालाच ज्वाँव्हिलचं घर समजून फोटो काढतात. मीही काढले होते, आता कबूल करतो.

अवांतर : ब्राझीलमध्ये ज्वाँव्हिल नावाचं चांगलं मोठं शहर आहे. त्याचा या माणसाशी थेट संबंध नाही. ही जहागीर पुढे राजघराण्यात गेली आणि एकोणिसाव्या शतकातल्या एका राजपुत्राला 'ज्वाँव्हिलचा प्रिन्स' असा किताब होता, त्याच्यावरून ते नाव.

मिठाची_गोणी :

लढाया आणि सभा झाल्या, आता माझा प्रांत. नाईलबद्दल त्याने लिहिलेलं वाचलं का कुणी? लोक संध्याकाळी नदीत जाळी टाकतात आणि सकाळी त्यात आलं, रेवंदचिनी, अगरू आणि दालचिनी सापडते. स्वर्गातल्या बागेत वाऱ्याने झाडं पडतात, त्यांचा माल वाहत येतो म्हणे! आलं आणि दालचिनी इकडून, मलबार आणि सिंहलद्वीपाकडून तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तमध्ये यायची. इजिप्तचे व्यापारी भाव धरून होते, माल कुठून येतो ते गिऱ्हाइकाला कशाला सांगतील? तेव्हा स्वर्ग म्हणजे आपली कोचीच की.

आणि पाणी. नदीचं गढूळ पाणी संध्याकाळी भरायचं, त्यात चार बदाम नाहीतर चार वाल ठेचून टाकायचे, सकाळी पाणी नितळ. माझी आजी निवळीची बी माठाला आतून घासायची, हुबेहूब तेच. पांढऱ्या मातीच्या भांड्यांत पाणी भरून ती तंबूच्या दोऱ्यांना टांगली की भर उन्हात झऱ्यासारखं गार, हेही लिहिलंय. ज्या माणसाला पाच बाण लागलेत त्याने माठ बघून ठेवलाय, याचंच मला कौतुक.

रानभोपळा :

कोची 😄😄
दारूचा काही किस्सा आहे का हो?

मिठाची_गोणी :

आहे तर. तो वाइनमध्ये पाणी घालत नसे. सायप्रसमध्ये राजाने विचारलं, का रे? तर म्हणे, वैद्यांनी सांगितलंय, माझं डोकं मोठं आणि पोट थंड, मला चढूच शकत नाही. राजा म्हणाला, वैद्य फसवतायत तुला. तरुणपणी पाणी घालायची सवय लागली नाही आणि म्हातारपणी घालायला लागलास तर सांधेदुखी आणि पोटाचे विकार धरतील; तसंच चालू ठेवलंस तर रोज रात्री झिंगशील. नव्वदी गाठली म्हणजे पाणी घातलं असावं.

चष्मेबहाद्दर :

ठीक आहे, माणूस आवडायला लागलाय, पण त्याच्या धर्मवेडाकडे कानाडोळा नको. 'कुत्रे' काय, 'काफर' काय. त्याच्या लेखी समोरचा माणूस माणूसच नव्हता.

तळटीप :

'कुत्रे' सोआसाँच्या काउंटचे शब्द आहेत, पण ज्वाँव्हिलची भाषाही फार वेगळी नाही, मान्य. मात्र त्याचा जीव कसा वाचला तेही त्यानेच नोंदवलंय. होडीत पकडला गेला तेव्हा एका मुसलमानाने त्याला मिठी मारली आणि मारायला आलेल्यांना ओरडून सांगितलं, हा राजाचा चुलतभाऊ आहे. धडधडीत खोटं. त्यामुळे गळ्यापर्यंत आलेली सुरी मागे गेली. पुढे घशात गळू झालंय, आता मरतो, असं त्याला वाटलं तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने काढा दिला आणि दोन दिवसांत बरा झाला. मिठी मारून वाचवणाऱ्या त्या माणसाला तो 'माझा सारासेन' (म्हणजे मुसलमान) म्हणतो. पकडले जाण्याआधी होडीतल्या त्याच्या कोठाराध्यक्षाने सुचवलं होतं, की शत्रूला आपल्या सगळ्यांना मारू द्यावं, म्हणजे सरळ स्वर्गात. ज्वाँव्हिल लिहितो, "पण आम्ही त्याचं ऐकलं नाही." एवढंच. धर्मवेडा असता तर इथे दोन पानं प्रवचन झोडलं असतं.

उंबरठा :

शेवट कसा झाला? १३१७ पर्यंत जगला म्हणजे लुईचे नातू-पणतू राजे झालेले बघितले असतील.

तळटीप :

हो. १२८२ मध्ये लुईच्या संतपदाच्या चौकशीत पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसला दोन दिवस साक्ष दिली. १२९७ ला पोपने लुईला संत ठरवलं. नंतर एकदा राजा त्याच्या स्वप्नात आला, ज्वाँव्हिलमधल्या त्याच्याच चॅपलसमोर, खुशीत. याने म्हटलं, महाराज, इथून निघालात की माझं शव्हियोंला एक घर आहे, तिथे उतरा. राजा हसून म्हणाला, इतक्यात इथून जायचं नाही मला. उठल्यावर याने चॅपलमध्ये लुईच्या नावाने वेदी उभारली.

लुईचा नातू चौथा फिलिप, त्याच्याशी मात्र जमलं नाही. १३१४ मध्ये त्याच्या करांविरुद्ध शाँपेनच्या सरदारांनी जूट केली, तिच्यात नव्वदीचा ज्वाँव्हिल होता. पुढच्या वर्षी नवा राजा दहावा लुई, म्हणजे ज्याला पुस्तक अर्पण केलं तोच, फ्लँडर्सच्या मोहिमेसाठी बोलावतो. त्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. जमेल तितक्या लवकर माणसं घेऊन येतो, असं लिहितो. आणि जाता जाता म्हणतो, महाराज, सुरुवातीला मी तुम्हाला नुसतं 'भले धनी' म्हटलं याचा राग मानू नका, तुमच्या आधीच्या राजांनाही मी तसंच म्हणत आलोय.